कॉन्फिगला हात लावू नये

कुठलीही गोष्ट सुरू करण्याआधी, ती बिघडली तर पुन्हा होती तशी कशी करायची याची संपूर्ण व्यवस्था लावल्याशिवाय बोटही न हलवणारा माणूस साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मोठा दीर म्हणून आला. लग्न ठरवताना माणसं मुलाची उंची बघतात, नोकरी बघतात, फार तर सासूचा स्वभाव आडून आडून विचारतात. दीर स्टो कसा पेटवतो हे कोणी विचारत नाही. विचारायला हवं, असं माझं आता ठाम मत झालेलं आहे.

भाऊजी स्टो पेटवायचे तो सोहळा असे. आधी शेजारी दुसरा स्टो भरून ठेवायचा. मग दोन पिना, त्यांतली एक वाकडी निघाली तर म्हणून तिसरी, आणि वाळूची बादली. वॉशर बदलला तर जुना वॉशर पाकिटात जायचा आणि पाकिटावर तारीख पडायची, कारण नवा वॉशर अगदीच वाईट निघाला तर निदान जुना, थोडासाच वाईट वॉशर हाताशी हवा! जुने वॉशर, जुन्या फ्यूजच्या तारा, पंपाच्या जुन्या वाद्या यांच्या पाकिटांनी आमच्या माळनाक्यावरच्या घराचं एक अख्खं कपाट भरलं होतं. माझ्या साड्या ट्रंकेत होत्या. माझ्या लग्नात या गृहस्थांनी मांडवामागच्या खोलीत दुसरे भटजी बसवून ठेवले होते. पहिल्या भटजींचा घसा बसला तर? ते बिचारे दोन तास लाडू खात, हाक कधी येते याची वाट बघत बसले होते म्हणे. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं. मी यांना म्हटलं, "भटजी दोन होते, तर नवरी पण एखादी जास्तीची बसवून ठेवली होतीत का कुठे?" हे आधी हसले, मग जरा गंभीर झाले आणि म्हणाले, "दादाला विचारून सांगतो."

स्वतः भाऊजींनी लग्न केलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "मुली काय कमी सांगून आल्या? पण हा बोलणी सुरू करतानाच विचारायचा, मोडलं तर काय करायचं. कोण देणार याला मुलगी?"

दुसरा त्यांचा नियम म्हणजे एका वेळी एकच बदल. आता हा नियम कोणी बांगड्याच्या कालवणाला लावतं का? पण मी नवी नवी सासरी आले, कालवण जरा आंबट झालं, तर भाऊजी जेवता जेवता शांतपणे म्हणाले, "शालन, उद्या आमसोल एक कमी घाल. मात्र मीठ, तिखट, नारळ, सगळं आजच्याइतकंच. दोन गोष्टी बदललीस तर फरक कशाने पडला ते कळायचं नाही." दुसऱ्या दिवशी सोल एक कमी. तिसऱ्या दिवशी मीठ. चौथ्या दिवशी बाजारात बांगडा नव्हता, म्हणून मी सुटले. त्यांच्या मते प्रयोग अर्धवट राहिला. मी बी.कॉम. झालेली बाई, पहिल्या वर्गात. माहेरी माझ्या कालवणाला कोणी नाव ठेवलेलं नव्हतं. राग आला तर त्यात माझं काय चुकलं?

आणि या रागातून घराबाहेर पडून सुटका म्हणावी, तर तीही नाही. कारण मला नोकरी लागली ती त्यांच्याच शब्दावर, त्यांच्याच संस्थेत. आमच्या शिक्षणसंस्थेच्या शाळा दापोलीपासून राजापूरपर्यंत गावोगाव पसरलेल्या होत्या आणि कचेरी रत्नागिरीत. भाऊजी मूळचे तिथले विज्ञानाचे मास्तर. रेडिओ दुरुस्त करणारा मास्तर म्हणून चिटणीसांनी त्यांना पुण्याला पंधरा दिवसांच्या वर्गाला पाठवलं आणि शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला कचेरीत जो पहिला कॉम्प्युटर आला, तो त्यांच्या ताब्यात दिला. मी तिथे टायपिस्ट. म्हणजे सकाळी सात ते दहा घरी सूचना ऐकायच्या आणि साडेदहा ते साडेपाच कचेरीत. मध्ये अर्धा तास चालत जायचं, तेवढा माझा स्वतःचा. आणि त्यातही ते बरोबर असले तर मला रस्त्याच्या आतल्या बाजूने चालावं लागे.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं होतं, देवळासारखं. हिरव्या अक्षरांचा पडदा, खाली ती मोठी पेटी, पेटीला फ्लॉपी घालायच्या दोन खाचा. भाऊजींनी पहिल्या दिवशी मला समोर बसवून सांगितलं ते मला अजून पाठ आहे, कारण त्यानंतर दर महिन्याला त्यांनी ते सांगितलं.

"हे बघ शालन, मशीनला स्वतःहून फक्त जागं व्हायला येतं. जागं झालं की ते बघतं, वरच्या खाचेत फ्लॉपी आहे का. असली तर तिचं ऐकतं. नसली तर पोटातल्या डिस्कचं ऐकतं. त्या डिस्कवर एक छोटी फाईल आहे, कॉन्फिग. ती म्हणजे उठल्या उठल्या काय काय करायचं त्याची चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलंय तेवढं ते निमूट करतं. चिठ्ठीत कोणी 'विहिरीत उडी मार' लिहिलं, तर मारेल."

"मग चिठ्ठीत तसं लिहायचं नाही," मी म्हटलं.

"कोणी मुद्दाम नाही लिहीत गो. चुकून लिहितात."

म्हणून चिठ्ठी बदलायची तर आधी जुनीची नक्कल दुसऱ्या नावाने ठेवायची. मग एकच ओळ बदलायची. मग मशीन बंद करून पुन्हा चालू करून बघायचं. आणि हे सगळं करण्याआधी, मशीन बाहेरून जागं करता येईल अशी एक 'सुरुवातीची फ्लॉपी' हाताशी हवी. नुसती असून उपयोग नाही. तिच्यावरून मशीन खरोखर उठतं का ते तपासलेलं हवं. ते दर सोमवारी तपासायचे. तिच्या कडेची खाच चंदेरी चिकटपट्टीने बंद केलेली असायची, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाऊ नये. सोमवारी साडेदहाला आम्ही सगळे कामाला टेकायला आतुर, आणि हे गृहस्थ धडधाकट मशीन बंद करून ते फ्लॉपीवरून उठतं का, ते बघत बसलेले! चांगल्या माणसाला दर आठवड्याला झोपवून नाडी बघण्यातला प्रकार.

मे महिन्यात भाऊजी आठ दिवसांची रजा टाकून वेळणेश्वरला गेले. तिथे आमच्या आत्तेसासूबाईंच्या घराची कौलं पावसाआधी शाकारून घ्यायची होती. जाताना माझ्यासाठी दीड पान सूचना लिहून ठेवल्या. त्यातली शेवटची दोनदा अधोरेखित केलेली होती: 'कॉन्फिगला हात लावू नये.' खाली सही, तारीख. माझ्या मनात विचारही नव्हता हात लावायचा. पण एखाद्या शिकलेल्या बाईला असं बजावलं, दोनदा अधोरेखित करून बजावलं, तर तिचा हात शिवशिवणार नाही का?

त्या आठवड्यात बदल्यांची यादी व्हायची होती. संस्थेच्या शाळांतून बदली मागणाऱ्या मास्तरांचे आणि बाईंचे दोनशेच्या वर अर्ज आले होते. कोणाची नोकरी किती वर्षांची, कोणता विषय, कुठे जागा रिकामी, नवराबायको वेगवेगळ्या टोकांना आहेत का, हे सगळं मी महिनाभर खपून मशीनमध्ये भरलं होतं. अध्यक्ष मुंबईचे. ते एका दिवसापुरते यायचे, चार वाजता सभा घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. त्या सभेत यादी ठेवली गेली तर बदल्या होणार, नाहीतर वर्षभर आहे ते आहे.

सभेच्या आदल्या दिवशी एक विक्रेता आला. मे महिन्याच्या रत्नागिरीत टाय घालून आलेला माणूस मी तो पहिला पाहिला. त्याने आमच्या मशीनकडे दयेने बघितलं आणि म्हणाला, "फार सावकाश चालतंय, मॅडम. आमची ही एक फाईल टाका आणि कॉन्फिगमध्ये फक्त एक ओळ घाला. दुप्पट पळेल."

मॅडम! त्या कचेरीत मला कोणी शालन म्हणत असे, कोणी अहो म्हणत असे, चिटणीस तर नुसतेच 'हं' म्हणायचे. मॅडम पहिल्यांदाच. चिटणीस दारातून म्हणाले, "घ्या ना करून. उद्या अध्यक्षांसमोर मशीन रांगत बसायला नको." विक्रेत्याला त्याची फ्लॉपी परत हवी होती आणि फाईलची एक प्रत तुमच्याकडे असू द्या असं तो म्हणाला, म्हणून उतरवून घ्यायला मला एक रिकामी फ्लॉपी लागणार होती. कपाटात रिकामी एकही नव्हती. एकच फ्लॉपी अशी होती की जी वर्षभरात सोमवारखेरीज कधी कोणाला लागली नव्हती.

मी ती चंदेरी पट्टी नखाने सोलली. आता लिहितानाही माझं नख जरा दुखतं. फ्लॉपी पुसून कोरी केली, विक्रेत्याची फाईल तिच्यावर घेतली आणि मशीनमध्ये टाकली. त्याने एका चिठोऱ्यावर ओळ लिहून दिली, कशी टाईप करायची ते सांगितलं आणि "सकाळी चालू केलंत की फरक दिसेल" म्हणून कोल्हापूरची गाडी गाठायला निघून गेला. मी ओळ टाईप केली. मला वाटलं, चिठ्ठीत एक ओळ वाढेल. त्याने सांगितलेल्या तऱ्हेने जुनी चिठ्ठी अख्खी जाऊन तिच्या जागी त्या एका ओळीची नवी चिठ्ठी होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नक्कलही मी ठेवली नाही. एकच तर ओळ!

सकाळी फरक दिसला. मशीन चालू केलं, दिवा लागला, थोडी घरघर झाली आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक इवलीशी हिरवी रेघ लुकलुकू लागली. एवढंच. बटणं दाबली, काही नाही. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तीच रेघ. सहा वेळा केलं. ती विक्रेत्याची फाईल आमच्या जातीच्या मशीनची नव्हतीच, हे पुढे कळलं. सकाळचे अकरा वाजले होते.

बाहेरच्या बाकावर दाभोळच्या शाळेतल्या एक बाई येऊन बसल्या होत्या. पहाटे तरीतून खाडी ओलांडून, गाड्या बदलत आलेल्या. नवरा राजापूरच्या बाजूच्या आमच्याच शाळेत मास्तर, तीन वर्षांची मुलगी तिकडे आजीजवळ. चार वर्षं त्या अर्ज करत होत्या. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "बाई, यादीत माझं नाव वर आहे का, एवढंच सांगा. जास्त काही विचारत नाही."

"होईल हो," मी म्हटलं.

"मुलगी मला 'बाई' म्हणते," त्या म्हणाल्या. "सुट्टीत जाते ना, तेव्हा. सगळे मला बाईच म्हणतात, तेच ऐकते ती."

मी आत गेले आणि चिटणीसांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी मुंबईला मशीनवाल्यांना फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं, माणूस चार दिवसांनी येईल, तोवर डिस्क फॉरमॅट करून बघा, म्हणजे सगळं नव्याने बसेल. सगळं नव्याने! म्हणजे माझा महिना, दोनशे अर्ज, सगळं पुसून. आणि चिटणीस मला म्हणतात, "करून बघा ना. मशीन तर चालू होईल." अध्यक्षांना चालू मशीन दाखवायचं होतं, यादी असो वा नसो! त्या माणसाचा मला जितका संताप आला, तितका आयुष्यात थोड्याच जणांचा आला असेल. पण दुसरा काहीच उपाय दिसत नव्हता. मी शेवटी म्हटलं, आधी वेळणेश्वरला फोन लावू द्या.

अर्जंट ट्रंक कॉल लागायला पाऊण तास गेला. फोन तिथल्या पोस्टात. पोस्टमास्तर म्हणाले, "आहेत ना, समोरच्या घरावर दिसतायत. पण उतरायला वेळ लागेल हो. एक ओळ कौलं बसवून झाल्याशिवाय दुसरीला हात लावत नाहीत, आणि शिडी हलवून बघितल्याशिवाय उतरत नाहीत."

"त्यांना म्हणावं, मशीन उठत नाही," मी ओरडले.

दोन मिनिटांत भाऊजी फोनवर होते, धापा टाकत. शिडी त्या दिवशी हलवून बघितली नसावी. मी सगळं सांगितलं: विक्रेता, ओळ, नक्कल नाही, रेघ. फ्लॉपीचं सगळ्यात शेवटी सांगितलं. मी ओरडा खायला तयार होते. खरं तर तो मला हवाच होता.

"चिटणीस काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

"फॉरमॅट करा म्हणतायत."

तेव्हा ओरडले. "हात लावू नका म्हणावं! कोणीही हात लावायचा नाही! मशीन मेलेलं नाही शालन. त्याला उठल्यावर करायचं काम चुकीचं सांगितलंय, एवढंच. यादी आत सुखरूप आहे. दुसरी फ्लॉपी आहे."

"कुठे? कपाटात नाहीये."

"घरी. तांदळाच्या डब्यात. तळाशी, पिशवीत."

"माझ्या तांदळाच्या डब्यात?"

"रत्नागिरीच्या हवेत फ्लॉपीला बुरशी येते. तांदूळ ओल धरतात. गेल्या पावसाळ्यापासून आहे तिथे. तू बाजारात जातेस तेव्हा मी काढून तपासायला नेतो."

म्हणजे वर्षभर मी रोज त्या डब्यात वाटी बुडवत होते, आणि माझ्या स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागे हे असले उद्योग चालू होते! मी काही बोलणार तेवढ्यात एक्स्चेंजमधला माणूस मध्ये बोलला, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" भाऊजी त्याला म्हणाले, "वाढवू नका. पण अर्ध्या तासाने हाच नंबर परत द्या. मी इथेच उभा आहे."

मी रिक्षा करून घरी गेले. डबा जमिनीवर पालथा केला. शुभ्र तांदळाच्या ढिगात निळी प्लास्टिकची पिशवी, आत पाकीट, पाकिटावर तारीख. तांदूळ तसेच टाकून परत आले. पुन्हा फोन लागला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. फोन चिटणीसांच्या टेबलावर आणि मशीन पलीकडच्या खोलीत, म्हणून मी मशीनसमोर बसले, आमचे म्हातारे शिपाई दारात उभे राहिले आणि चिटणीस फोन कानाला धरून भाऊजींचे शब्द ओरडून सांगू लागले. आयुष्यात एकदा तरी त्यांनी निरोप्याचं काम केलं, याचा मला आनंद आहे.

"फ्लॉपी वरच्या खाचेत घाला, म्हणतायत! खिट्टी लावा! आता चालू करा!"

दिवा लागला. घरघर झाली. मी डोळे मिटले होते. उघडले तर पडद्यावर अक्षरं.

"तारीख विचारतंय!" मी ओरडले.

"तारीख विचारतंय म्हणतात," चिटणीस फोनमध्ये म्हणाले आणि पलीकडचं ऐकून मला म्हणाले, "मग सांगा म्हणतायत. खरी सांगा."

पुढे एकेक करत गेलो. डिस्कवर काय काय आहे ते बघितलं. माझी यादी होती. बदल्यांची अख्खी यादी, जिथे ठेवली होती तिथेच. मी हुंदका दिला असेन, कारण शिपाई पाणी घेऊन आले. त्याच तांदळातल्या फ्लॉपीवर जुन्या चिठ्ठीची नक्कल होती, नावाच्या शेवटी जे, यू, एन. मी म्हटलं, "मे महिना चालू आहे, ही जूनची कशी?" चिटणीसांनी विचारलं आणि जरा वेळाने थंड आवाजात कळवलं, "जून नव्हे. जुनी."

आता जुनी चिठ्ठी जागेवर टाकायची, की काम झालं. घड्याळात दोन. आणि तेवढ्यात भाऊजींचा निरोप आला, थांबा.

"आधी तुमची ती बिघडलेली फाईल दुसऱ्या नावाने ठेवा म्हणतायत. पुसू नका."

"कशाला?" मी किंचाळले.

"काय चुकलं ते नंतर बघायला नको का, म्हणतायत. नावही सांगतायत." चिटणीस घुटमळले. "शालन डॉट बॅड."

ठेवलं. काय करणार? मग जुनी चिठ्ठी जागेवर टाकली, फ्लॉपी बाहेर काढली, मशीन बंद केलं, चालू केलं, आणि ते आपलं आपण उठलं. साडेतीनला यादी छापून झाली. चारला सभा झाली. दाभोळच्या बाईंना राजापूरकडची शाळा मिळाली. त्या बाहेर आल्या, माझा हात धरला. गाडी चुकेल म्हणून पिशवी छातीशी धरून पळत सुटल्या. मी तशीच दारात उभी राहिले. संध्याकाळी घरी जाऊन तांदूळ भरले, निवडून.

पण माझा खरा संताप पुढचा आहे. भाऊजी दोन दिवसांनी परत आले. चिटणीसांनी कचेरीत सर्वांसमक्ष चौकशी लावली, कारण निरोप्याचं काम त्यांच्या मनाला लागलं होतं. "मशीन कोणी बिघडवलं त्याची नोंद झाली पाहिजे," ते म्हणाले. मी उठले. मी सांगणारच होते. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "माझी चूक आहे. मी लिहून ठेवलं होतं, हात लावू नये. ही काय सूचना झाली? हात लागल्यावर काय करायचं ते लिहायला हवं होतं. आणि दुसरी फ्लॉपी कुठे आहे ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मी कौलावरून पडलो असतो तर?"

नोंद भाऊजींच्या नावावर झाली.

घरी येताना मी रस्त्यात थांबून त्यांना विचारलं, "माझी चूक तुम्ही का घेतलीत?"

"तुझी तू घे ना. तुझी मशीनमध्ये आहे, तुझ्या नावाने. मी माझी घेतली."

"मला शिव्या तरी द्यायच्या होत्यात!"

"त्याने मशीन उठलं असतं का?"

सांगा, अशा माणसावर रागावायचं तरी कसं? आणि रागावू नये, तर ती 'शालन डॉट बॅड'? दोन वर्षं ती फाईल त्या मशीनमध्ये होती. कोणीही नवा माणूस मशीनमधल्या फाईलींची यादी उघडून बघायचा आणि विचारायचा, "हे काय हो?" आणि भाऊजी अगदी सरळ चेहऱ्याने, न हसता, सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायचे, विक्रेत्याच्या टायसकट. मी पुसायला निघाले की म्हणायचे, "पूस. पण नक्कल ठेव." त्यानंतर मात्र त्यांनी सूचनांचं दीड पान फाडलं. आम्ही दोघांनी बसून नवं लिहिलं, त्यांनी सांगायचं आणि मी वाद घालायचा. त्यात 'नये' हा शब्द एकदाही आला नाही. प्रत्येक कलम 'असं झालं तर' ने सुरू व्हायचं. पुढे मीही हळूहळू त्या मशीनची पोटातली वाट शिकले, चिठ्ठी बदलायला शिकले, आणि खरं सांगायचं तर ती मी त्यांच्यापेक्षा भरभर बदलायचे. ते मागे उभे राहून श्वास रोखून बघायचे. तोही मला त्रासच.

भाऊजी निवृत्त झाले त्या शेवटच्या दिवशी त्यांनी निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं. सकाळी आम्ही नेहमीसारखे चालत गेलो. मशीनचा ताबा आदल्याच दिवशी कागदोपत्री माझ्याकडे आला होता. खोलीशी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, पण आत आले नाहीत. उंबऱ्यात उभे राहिले आणि मला म्हणाले, "आज मी चालू करू का? तू परवानगी दिलीस तर."

मी म्हटलं, "करा ना, भाऊजी."

ते खुर्चीवर बसले नाहीत. वाकून बटण दाबलं. मशीन उठलं की पहिल्यांदा पडद्याच्या कोपऱ्यात आकडे धावत वर चढायचे, आपल्याजवळ किती जागा आहे ते मशीन मोजून बघायचं. सगळं मिळून अर्धा मिनिटभर. मला त्या अर्ध्या मिनिटाचा नेहमी कंटाळा यायचा. मी तेवढ्यात कागद लावून घ्यायचे. त्या दिवशी मी कागद लावले नाहीत. भाऊजी हात मागे बांधून, मान जरा वाकडी करून ते हिरवे आकडे चढताना बघत होते. चेहरा असा, की मी तो त्यांच्यावर कधी पाहिला नव्हता.

"मला हे फार आवडायचं," ते म्हणाले. "रोज. हे आकडे वर जाताना बघायला. कधी बोललो नाही."

मोजणी संपली. मशीन सुरू झालं. त्यांनी मला खुर्ची पुढे ओढून दिली आणि चपला घालून बाहेर गेले. मी बसले खरी, पण कामाला हात घालायला मला त्या दिवशी बराच वेळ लागला.